पाइपाची ओढ

चंपतरावांचं नाव ज्या आत्याबाईंनी ठेवलं, त्यांना पाळण्यातच सगळं दिसलं असणार. कारण हा गृहस्थ बसल्या जागेवरून चंपत व्हायचा. ऑफिसात पेन हातात, कागद पुढ्यात, आणि साहेब विचारतायत, "चंपतराव, त्या कुंपणाच्या टेंडरचं काय झालं?" तर चंपतराव त्या घटकेला कुठल्याशा रानात, हलदूच्या झाडाखाली, पानांतून गळणाऱ्या उन्हाच्या कवडशांवर पाय ठेवत हळूहळू चाललेले असायचे. तिथून परत यायला त्यांना थोडा वेळ लागे. साहेबांनाही आता ते ठाऊक झालं होतं, ते मुकाट्यानं थांबायचे.

नोकरी जंगलखात्यात, हेडक्लार्क. पण उभ्या नोकरीत जंगल पाहिलं ते भिंतीवरच्या नकाशात, हिरव्या रंगाचं. बाकीचं त्यांनी मनानंच लावलं होतं. गोकुळपेठेत दोन खोल्यांचं घर, मागे अंगण, अंगणात पत्र्याची पडवी. रविवारी चहा झाला की चंपतराव त्या पडवीत शिरत आणि जेवायला तीन हाका मारल्याशिवाय बाहेर येत नसत. आत ते लाकडाचे पाइप बनवत. साहेबलोक ओढतात ना तसे, वाकड्या मानेचे, तंबाखूचे पाइप.

शेजारचे नत्थूजी कुंपणावर कोपर टेकून बिडी ओढत आणि विचारत, "काय गा चंपतराव, आज किती चिलमा झाल्या?"

"चिलीम नाही गा, पाइप."

"एकच तं आहे बावा! तंबाखू भरा, धूर काढा."

"एकच नाही," चंपतराव कानस न थांबवता म्हणत. नत्थूजी हसत. त्यांना वाटे, माणूस उगाच नखरे करून राहिला.

हा नाद लागला तो असा. बदली होऊन गेलेल्या एका साहेबांच्या टेबलाच्या खणात चंपतरावांना एक तडकलेला पाइप सापडला. साहेबांनी टाकूनच दिला होता. चंपतरावांनी तो हातात घेतला, अंगठा त्याच्या गोल पोटावरून फिरवला, आणि झालं, तिथूनच ते चंपत झाले. संध्याकाळी पाइप खिशात घालून घरी आणला आणि त्याच्यासारखा दुसरा करायला बसले. आधी सागवान घेतलं, ते रेषेवर चिरलं. मग बाभूळ घेतली, तिनं गिरमिटच वाकवलं. मग काटोलच्या साळ्यानं जुनी बाग मोडली आणि संत्र्याच्या झाडांचं सरपण बैलगाडीनं धाडून दिलं. त्यातला एक ओंडका चंपतरावांनी फोडला, तर आतून लोण्याच्या रंगाचं, घट्ट, सुबक लाकूड निघालं आणि सगळ्या अंगणात मंद वास पसरला. चंपतराव कुऱ्हाड टाकून तिथंच मटकन बसले. हेच लाकूड आपण शोधत होतो, असं त्यांना वाटलं.

पण त्या लाकडानं घरात पहिलं भांडण लावलं. लाकडातला चीक जावा म्हणून ते उकळावं लागतं. चंपतरावांनी काही विचार न करता तुकडे आंघोळीच्या पाण्याच्या हंड्यात टाकले. पाणी तापलं, वाफ सुटली, घरभर संत्र्याचा वास झाला आणि त्यांच्या पत्नी गोपिकाबाई टॉवेल घेऊन दारातच थबकल्या.

"काहून वं, जाय ना आंघोळीले. पाणी तापलं आहे."

"संत्र्याच्या पाण्यानं आंघोळ करू? मी संत्रं सोडलं आहे, माहीत नाही का तुम्हाले?"

"अवं, हे लाकूड आहे. फळ थोडीच आहे?"

"वास तं संत्र्याचाच येऊन राहिला ना? नाकानं खाल्लं तरी खाल्लंच!"

आणि त्या बाईनं भर डिसेंबरात, नागपूरच्या कडाक्यात, नळाच्या गार पाण्यानं आंघोळ केली. दात वाजत होते, पण तोंडातून हूं की चूं नाही. चंपतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लाकडासाठी वेगळा लोखंडी गंज, म्हणजे मोठं पातेलं, आणला.

आता हे सोडण्याचं सांगायला हवं, त्याच्याशिवाय पुढचं समजायचं नाही. देवाच्या दारी गेलं की आपल्या आवडीचं काहीतरी सोडून यायचं, ही आपल्याकडची रीत. कुणी भाजी सोडतं, कुणी फळ. काही लबाड लोक कारलंही सोडतात, पण ते जाऊ द्या. सहा-सात वर्षांपूर्वी गोपिकाबाईंच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, धंतोलीत. डॉक्टर काही बोलेनात, नर्सा नजर चुकवायला लागल्या, तेव्हा चंपतराव तडक एसटी पकडून रामटेकला गेले आणि गडाच्या पायऱ्या अनवाणी चढले. खिशात बापाची मातीची चिलीम होती. ऑफिसात हा माणूस कधी बिडीला शिवला नाही, पण संध्याकाळी ओसरीवर बसून बापाच्या त्या चिलमीचे चार झुरके घेणं हा त्यांच्या जिवाचा एकच विसावा होता. तो विसावा त्यांनी रामासमोर काढून ठेवला. हात जोडले, डोळे भरून आले, आणि म्हणाले, "रामराया, ही चिलीम सोडली. गोपिकेले जिती ठेव."

गोपिकाबाई उठून बसल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, "मी तुह्यासाठी तंबाखू सोडली वं." तेव्हापासून गोपिकाबाईंच्या अंगावर जो दागिना चढला, त्याच्यापुढे सोनंनाणं फिकं. हळदीकुंकवाला, बारशाला, लग्नाच्या मांडवात, जिथं चार बायका जमतील तिथं त्या सांगायच्या, "माह्या मालकानं माह्या जिवासाठी तंबाखू सोडली. त्या शब्दावरच मी जगून आहे." बऱ्या झाल्यावर त्या स्वतः गड चढल्या आणि नवस फेडताना राजीखुशीनं संत्रं सोडून आल्या. नागपूरच्या माणसानं संत्रं सोडायचं! हिवाळ्यात हातगाड्या भरभरून दारावरून जात, सालीचा तो आंबटगोड फवारा हवेत उडे, आणि गोपिकाबाई खिडकी लावून घेत.

तर असे हे चंपतराव, पाइप बनवणारे आणि न ओढणारे.

दिवस सुखाचे होते. लाकूड वर्षभर सावलीत वाळायचं. मग एखाद्या रविवारी ते तुकडा हातात घेऊन नुसतेच उलटापालटा करत बसत, आत कुठं पाइप लपला आहे ते बघत. रेषा कुठून येतात, कुठं वळतात, कुठं गाठीपाशी भोवरा होऊन थांबतात. पटाशीनं कडा जायच्या, कानशीनं पोट गोल व्हायचं, गिरमिटानं वरून खळगा पडायचा आणि मग काळीज धरून दुसरं बारीक भोक, दांड्यातून, नेमकं खळग्याच्या बुडाशी निघेल असं. तोंडात धरायची नळी सीताबर्डीच्या पेनवाल्याकडच्या काळ्या तुकड्यांतून घासून व्हायची. शेवटी जवसाचं तेल. तेलाचा बोळा फिरला की फिकं लाकूड मधासारखं गडद होई आणि आतल्या रेषा उठून दिसत.

संध्याकाळी चंपतराव तो नवा पाइप रिकामाच दातात धरून अंगणातल्या खुर्चीत बसत. ऊन भिंतीवरून वर सरकत असे. ते हलकेच श्वास ओढत, नळीतून थंड हवा येई, तिला लाकडाचा किंचित गोड वास. आणि मग त्यांना धूर दिसू लागे. निळा, सावकाश, कुठलीच घाई नसलेला. तो पडवीच्या पत्र्यावरून जाई, नत्थूजींच्या पेरूच्या झाडावरून जाई, तेलंगखेडीच्या तळ्यावर थोडा रेंगाळे, आणि मग लांब उत्तरेला, भाताच्या बांध्यांवरून तरंगत गडाच्या पायथ्याशी पोचे. तिथं बापाची चिलीम असायची. बाप बांधावर उकिडवा बसलेला असायचा. तो वर बघून म्हणायचा, "आला का गा?" चंपतराव "आलो" म्हणायचे. एवढ्यात आतून हाक यायची, "अवो, भाजीत मीठ पाहून देता का?" आणि धूर नाहीसा व्हायचा.

पण मनात एक काटा होता आणि दर पाइपागणिक तो खोल चालला होता. आपले पाइप ओढायला कसे आहेत? हाताला छान, डोळ्याला छान, पण पाइप हा ओढण्यासाठी असतो की नाही? ओढ चांगली आहे का? धूर तोंडाला भाजतो की गार येतो? संत्र्याचं लाकूड विस्तवापुढं कडू होतं की गोड? हे काही रिकाम्या हवेतून कळत नव्हतं. स्वयंपाक करावा, घमघमाट सुटावा आणि चव मात्र कधीच कळू नये, तसं चाललं होतं.

दुसऱ्यांना देऊन पाहिलं. ऑफिसच्या साहेबांना एक दिला, त्यांनी "वा, वा!" म्हणून काचेच्या कपाटात ठेवला. गोपिकाबाईंच्या डॉक्टरांना एक दिला, त्यांनीही कपाटातच ठेवला, स्टेथोस्कोपच्या शेजारी. शेवटी नत्थूजींना दिला. नत्थूजींनी आधी ती काळी नळी उपटून बाजूला ठेवली, ती त्यांना मधे येत होती म्हणे. खळग्यात एक गिट्टी टाकली, वर तंबाखू दाबली, लाकडाला ओलं फडकं गुंडाळलं, दोन्ही मुठींत उभा धरून असा काही जोराचा झुरका मारला की लाकूड कडाड करून दांड्यापाशी फुटलं.

"अरे बाप्पा!" नत्थूजी खोकत म्हणाले. "चंपतराव, मातीची मजाच और. हे तं लाकूड आहे."

"नत्थूजी, अरे पाइप आहे तो! चिलमीसारखा काहून ओढला?"

नत्थूजी थांबले. ओशाळले, आणि मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे चिलीम नाहीच म्हणा हे."

"किती वर्षं तेच तं सांगून राहिलो!"

"मग तुम्हीच काहून ओढून पाहत नाही? रामापुढं तुम्ही काय म्हटलं होतं?"

त्या प्रश्नानं चंपतरावांच्या मनात घरच केलं. काय म्हटलं होतं? 'ही चिलीम सोडली.' ही. चिलीम. तंबाखूचं तर नावही काढलं नव्हतं, ते नंतर गोपिकेला सांगताना तोंडातून आलं. आणि पाइप म्हणजे चिलीम नाही, हे आता नत्थूजीसुद्धा मान्य करत होते. रामाला काय, त्याला सगळे शब्द नीट ऐकू येतात. चंपतराव ऑफिसात बसून हाच धागा उसवत आणि पुन्हा शिवत. एक दिवस सदर बाजारातल्या दुकानातून त्यांनी पाइपाच्या तंबाखूचा डबा आणला आणि पडवीत जवसाच्या तेलाच्या बाटलीमागे लपवला.

संक्रांत झाली होती. गोपिकाबाई जांभळी इरकल नेसून हळदीकुंकवाला गेल्या. चंपतराव पडवीत आले. त्या हिवाळ्यात केलेला पाइप त्यांच्या हातचा सगळ्यात चांगला होता. एका बाजूला रेषांचा भोवरा, जणू आत कुणी बोटानं पाणी ढवळलंय. त्यांनी डबा उघडला, तंबाखू भरली. कितीतरी वर्षांनी तो वास आला. काडी ओढली. ज्योत पिवळी, वारा अगदी मंद, दुपार कलली होती. बांधावरून बाप बघत होता, पण आज तो काहीच बोलेना.

"वाणच इसरली मी, पाहा ना!" म्हणत गोपिकाबाई मागच्या दारानं अंगणात आल्या, आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या.

काडी चंपतरावांच्या बोटापर्यंत जळत आली. चटका बसला तेव्हा ती खाली पडली.

"ओढला का?" गोपिकाबाईंचा आवाज अगदी बारीक निघाला.

"नाही. अजून नाही."

त्या पडवीच्या उंबऱ्यावर बसल्या. चेहरा पांढरा पडला होता, हात नकळत पोटावर गेला होता, जुन्या टाक्यांवर. चंपतरावांना ते पाहवेना. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, लहान पोरासारखं, अडखळत. "मी देवापुढं चिलीम म्हटलं होतं वं. तंबाखू नव्हतं म्हटलं. आणि हा पाइप आहे. मले फक्त एकडाव पाहाचं होतं, याची ओढ कशी आहे ते. इतके बनवले, पण एकही कसा आहे ते मले माहीत नाही."

पेरूवर पोपट येऊन गेले.

"म्हणजे देवापुढं चिलीम, आणि माह्यापुढं तंबाखू."

"हो."

"देवाचं तुम्ही आणि देव पाहून घ्या. मले एवढंच सांगा, माह्यापुढचा शब्द मोडाचा आहे का?"

चंपतरावांनी पाइप बाकावर ठेवला. "नाही," ते म्हणाले. "नाही मोडत. नाहीच मोडणार." आणि डोळे पुसायला त्यांना रुमाल सापडेना, म्हणून त्यांनी तेलाचा बोळाच उचलला.

"अवो, तो जवसाचा आहे! डोळे चुरचुरतीन!" गोपिकाबाईंनी तो हिसकून घेतला आणि पदर पुढे केला. मग त्यांची नजर बाकावर गेली. भरलेला पाइप तिथं तसाच पडला होता, भोवरा वर करून. त्यांनी तो उचलला. एवढ्या वर्षांत त्यांनी नवऱ्याच्या एकाही पाइपाला हात लावला नव्हता, संत्र्याचा म्हणून.

"काडेपेटी द्या."

"तू काय करून राहिली?"

"माहेरी, कुहीले, माहा आजा चिलीम ओढे. चुलीतला निखारा आणून चिलीम पेटवाचं काम माहं. विझू नये म्हणून वाटेत दोन झुरके माराच लागत. मले येते." त्यांनी बोटानं तंबाखू हलकीच दाबून पाहिली. "तुम्ही लय ठासली. आणि तिकडं बसा, वाऱ्याच्या त्या बाजूले. नाकानं ओढलं तरी ओढलंच."

"अवं पण तुहं संत्रं! तूच म्हणत होती..."

"म्हणत होती. आजही म्हणते." गोपिकाबाईंनी त्यांच्याकडे सरळ पाहिलं. "तुमचा शब्द माह्या जिवावर होता, तो मोडू देणार नाही मी. माहा शब्द कोणाच्याच जिवावर नाही. तो मीच मोडीन."

चंपतराव वाऱ्याच्या त्या बाजूला, रांजणाशेजारी जाऊन बसले. काडी पेटली. गोपिकाबाईंनी गाल आत ओढले, एकदा, दोनदा, आणि खळग्यातली तंबाखू लाल झाली. मग धूर आला. खराखुरा, निळा, सावकाश. तो जांभळ्या इरकलीवरून वर चढला, उन्हाच्या तिरप्या पट्ट्यात आला आणि तिथं घडीभर थांबला. चंपतराव तोंड उघडं टाकून बघत राहिले. त्यांच्या मनातल्या धुरापेक्षा हा जास्त सुंदर होता, हे त्यांना कबूल करावं लागलं.

"कशी आहे ओढ?" त्यांनी विचारलं.

गोपिकाबाईंचे डोळे मिटलेले होते. कपाळावरची आठी गेली होती आणि चेहरा कुठल्या तरी जुन्या, लहानपणच्या जागी जाऊन बसला होता. आज त्या चंपत झाल्या होत्या. चंपतरावांनी पुन्हा विचारलं नाही. तिथून परत यायला वेळ लागतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? ते थांबले.

ऊन भिंतीवर चढलं. मग गोपिकाबाईंनी डोळे उघडले, तेव्हा ते ओले होते. "बुडाशी थोडा गुरगुरते. भोक जरासं वर पायजे."

"हां. आणि?"

"धूर गार आहे. भाजत नाही." त्या थांबल्या. "आणि शेवटी शेवटी संत्रं येते. साल सोलल्यावर पहिली फोड तोंडात टाकतो ना, तसं. मले वाटलं होतं, मी ते इसरली."

गोपिकाबाईंनी पाइप झटकून रिकामा केला आणि पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, आणि दचकले. पाइप गरम होता. नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखा, उबदार, जिवंत. इतके पाइप केले, आणि पाइपाला ऊब येते हे त्यांना आज कळलं. त्यांनी तो दोन्ही तळहातांत धरला.

"रामाले आता काय सांगशील?" त्यांनी विचारलं.

गोपिकाबाई विसरलेलं वाण घेऊन निघाल्या होत्या. दारात वळून म्हणाल्या, "खरं सांगीन. तुमच्यासारखं एकापुढं एक अन् दुसऱ्यापुढं दुसरं नाही सांगणार. आणि ते भोक वर घ्या पुढच्या वेळी."

त्या गेल्या. अंगणात सावली उतरली, आणि चंपतराव तिथंच रांजणाशेजारी बसून राहिले. मुठीतला पाइप हळूहळू निवत होता. तो पार गार होईपर्यंत तेवढा मात्र त्यांनी सोडला नाही.